रेंज खय गावता?
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय त्या प्रश्नावर, जो आपल्या गावात पाहुणा उंबरठा ओलांडायच्या आत विचारतो. पूर्वी तो विचारायचा, "पाणी खय गावात?" आता विचारतो, "रेंज खय गावता?"

या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे. आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा कौलांवर अँटेना लावली होती, पणजीच्या दिशेने तोंड करून. वारा आला की ती फिरायची. मग मी शिडीवरून वर, बाबा आत टीव्हीसमोर आणि आई मध्ये पडवीत, निरोप पोचवायला. "इला काय?" "नाय, अजून मुंग्याच दिसतत." "जरा डावीकडे फिरव." "इला, इला! आता हात काढू नको!" हात काढला की चित्र जायचं. मी पुढे इंजिनिअर झाले, पण माझं इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं शिक्षण कौलांवर झालं. त्यातला धडा असा की, यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कुठे उभं आहे आणि कुठे बघतंय यावर सगळं अवलंबून असतं.

आता थेट २०२१ सालात येते. १६ मे २०२१. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तो दिवस तुम्हाला वेगळा सांगायला नको. मी पुण्यात. आई आदल्या वर्षी गेलेली, बाबा घरी एकटे. सकाळी बोलणं झालं तेव्हा म्हणाले, "वारो वाढलोहा, पण काय नाय होवचा." त्यानंतर फोन लागेना. शेजाऱ्यांचा लागेना, दुकानाचा लागेना. चार दिवस. वीज नाही म्हणून टॉवर नाही, टॉवर नाही म्हणून फोन नाही, आणि असते तरी बाबांचा फोन चार्ज नव्हता. पाचव्या दिवशी कणकवलीला गेलेल्या कुणीतरी तिथून फोन केला, की पडवीवर माड पडलाय, म्हातारो बरो आसा. ते चार दिवस मी घरात बसून जगभरच्या दुकानांतले पैशांचे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर सांभाळत होते. सिंगापूरचा सर्व्हर मला दिसत होता. आपल्या वाडीतला बाप दिसत नव्हता.

तेव्हा ठरवलं, वर्षातले चार-पाच महिने तरी इथून काम करायचं. बाबा पुण्याला यायला तयार नव्हते. "माडांका पाणी कोण घालतलो?" या प्रश्नाला माझ्या कंपनीकडेसुद्धा उत्तर नव्हतं.

अडचण एकच. आमचं घर व्हाळाकाठी, तिन्ही बाजूंनी डोंगर. घरात रेंज शून्य. आपल्या जिल्ह्याची रचनाच तशी आहे. वर कातळाचा सडा, खाली खाडी, आणि दोन्हींच्या मधल्या घळीत माणसं, पोफळी आणि माड. पूर्वजांनी वारा चुकवायला आणि पाणी धरायला घरं खाली बांधली. ती जागा वाऱ्यापासून लपलेली, तशीच ती टॉवरपासूनही लपलेली. म्हणून आपल्याकडे एक गंमत होते. रापणीवाले सांगतात, समुद्रात रेंज गावता, घरात गावना नाय. खरंच आहे ते. सड्यावरच्या टॉवरचं टोक समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर असेल, तर तिथून क्षितिज सुमारे ३५ किलोमीटरवर असतं आणि पाण्यावर मध्ये आडवं काही नसतं. घरासमोर मात्र आख्खा डोंगर.

मग घर हलत नाही तर ऑफिस हलवू, असा विचार केला. २०२१ मध्येच महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं, त्यामुळे हा शब्द कानावर होता. आम्ही नवराबायकोने एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत झोपायची फळी, शेगडी, टेबल, छपरावर सोलर, खाली १०० अँपिअर-अवरची बॅटरी. आरटीओचे सोपस्कार केले आणि जानेवारी २०२२ मध्ये निघालो. पहिले पंधरा दिवस देवगडपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने हिंडलो. कुणकेश्वर, मिठबाव, तोंडवळी, तळाशील, देवबाग, भोगवे, निवती, खवणे, मोचेमाड, शिरोडा. म्हटलं, सकाळी समुद्र आणि दुपारी मीटिंग. चित्र छान होतं. आलं मात्र मुंग्यांचं.

त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले ते पुस्तकात वाचलेलंच होतं, पण अंगाला लागलं नव्हतं. चार गोष्टी सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पुण्या-मुंबईहून लॅपटॉप घेऊन गणपतीला येतात आणि मग खळ्यात फोन वर धरून फिरतात.

पहिली गोष्ट, फोनवरच्या दांड्या. दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातोय की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवर कित्येक वॉटने बोलतो, आपला फोन जास्तीत जास्त एक पंचमांश वॉटने. तो ओरडतो, आपण कुजबुजतो. म्हणून मीटिंगमध्ये आपल्याला सगळ्यांचं नीट ऐकू येतं आणि ते म्हणतात, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय." शिवाय दांड्या गर्दीही सांगत नाहीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीला पाचही दांड्या होत्या आणि एक साधी ईमेल जाईना, कारण एका टॉवरवर अख्खं पुणे व्हिडिओ पाठवत होतं. जागा तपासायची तर संध्याकाळी आठला तपासा. पहाटे सहाला सगळंच छान चालतं.

दुसरी गोष्ट, लहरी. आपल्याकडे मोबाइलच्या लहरी अनेक पट्ट्यांत येतात. ८५०–९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब, २३०० ची १३ सेंटिमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वळते, माडांच्या झावळ्यांतून बरी निघते. आखूड लहर पानापानावर अडते. पण लांब लहरीचा रस्ता अरुंद, त्यावर फार गाड्या मावत नाहीत. वरच्या पट्ट्यांचा रस्ता रुंद, पण तो लांबवर जात नाही. सड्यावर वरचा पट्टा घ्यावा, घळीत खालचा. चांगल्या राउटरमध्ये हे आपल्याला निवडता येतं. फोन मात्र स्वतःच्या मनाने निवडतो, आणि बरेचदा चुकीचं.

तिसरी गोष्ट, गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. पत्रा लहरी अडवतो. आत बसून रेंज शोधणं म्हणजे पाण्याच्या टाकीत बसून रेडिओ ऐकणं. अँटेना बाहेर हवी, उंच हवी, आणि तिची केबल आखूड हवी. मी पहिल्यांदा हौसेने पाच मीटर बारीक केबल लावली. उंची मिळाली, पण निम्म्याहून जास्त ताकद त्या केबलनेच खाल्ली. शेवटी राउटरच एका बंद डब्यात घालून वर नेला, आणि काठी म्हणून बाबांचा आंबे काढायचा बांबू वापरला. आमच्या सड्यावर आंबे नसताना बांबू कशाला, म्हणून लोक थांबून विचारायचे. आणखी एक सांगते, आपल्या खाऱ्या वाऱ्याने अँटेनेचे पितळी सांधे दोन महिन्यांत हिरवे होतात. रबरी टेप गुंडाळल्याशिवाय ते उघडे ठेवू नका. आणि कुणी सांगितलं की बाजारात बूस्टर मिळतो, तो लावा, तर लावू नका. आपल्या देशात परवान्याशिवाय बूस्टर बसवणं गुन्हा आहे, आणि एकाच्या बूस्टरने आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडते. बाहेरची अँटेना चालते, बूस्टर नाही.

चौथी गोष्ट मी शिकले जुलै २०२२ मधल्या एका रात्री, आणि तीच आज मुख्यतः सांगायची आहे.

तोपर्यंत मी स्वतःला हुशार समजायला लागले होते. गाडी घरापासून दीड किलोमीटर वर, सड्याच्या कडेला उभी असायची. सकाळी बाबांना पेज देऊन मी वर जायची, संध्याकाळी खाली. दोन कंपन्यांची दोन सिम. एक गेलं की राउटर आपोआप दुसऱ्यावर जायचा. साहेबांना मी लेखी कळवलं होतं की माझ्याकडे दोन स्वतंत्र जोडण्या आहेत. त्याआधी दोनदा माझी लाइन ऐन वेळी गेली होती. तिसऱ्यांदा गेली तर पुण्याला परत ये किंवा दुसरं काम बघ, असं सौम्य शब्दांत सांगून झालं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. लोकांचे पैसे अडकतात तिथे "आमच्याकडे पाऊस आहे" हे कारण होत नाही.

त्या रात्री माझी पाळी होती. काही बिघडलं तर मी उठून दुरुस्त करायचं. दहाला वीज गेली. बाराला कंपनीचा इशारा आला, व्यवहार अडकायला लागलेत. मी गाडीत बसून काम सुरू केलं. पावणेदोनला दोन्ही सिम एकाच क्षणी मेली. एक नाही, दोन्ही. राउटर बिचारा इकडून तिकडे उड्या मारत होता.

कारण मला दुसऱ्या दिवशी उजेडात कळलं. सड्यावरच्या एकाच टॉवरवर, वर एका कंपनीच्या आणि खाली दुसऱ्या कंपनीच्या अँटेना होत्या. टॉवर एक, विजेची तार एक, बॅटरीची खोली एक. टॉवरची बॅटरी काही तास चालली आणि संपली. आपल्या देशात हे सर्रास आहे. टॉवर एखाद्या वेगळ्याच कंपनीचा असतो आणि मोबाइल कंपन्या त्यावर भाडेकरू असतात. त्यात खर्च वाचतो, वाईट काही नाही. पण माझ्या खिशात दोन सिम होती, दोन रस्ते नव्हते. एकाच साकवावरून जाणाऱ्या दोन गाड्यांची तिकिटं काढून ठेवली होती मी!

त्या क्षणी मात्र हे काही कळत नव्हतं. छत्री घेऊन घरी धावले. बाबा जागेच होते. म्हटलं, "बाबा, मला कणकवलीच्या दिशेने जायला लागेल, जिथे लागेल तिथपर्यंत." ते म्हणाले, "इतक्या लांब कित्याक? वडाकडच्या वळणार थांब. एस्टीच्या कंडक्टरान सांगितल्यान माका, थय पलीकडची रेंज गावता." आणि शर्ट घालून निघाले. "चल, मी येतंय. रस्तो तुका दिसाचो नाय."

रात्री दोनला, मुसळधार पावसात, एका हातात विजेरी धरून ऐंशीला टेकलेला माणूस मला सांगत होता, इथे खड्डा आहे, इथे डावीकडे घे. सहा किलोमीटरवर वडाचं वळण आलं. तिथे डोंगराला खाच आहे, आणि त्या खाचेतून पलीकडच्या खोऱ्यातला टॉवर दिसतो. त्याच्याकडे वीज होती. मी बांबू बाहेर काढला, पण वारा एवढा की तो उभा राहीना. तेव्हा बाबा रेनकोट घालून खाली उतरले आणि बांबू धरून उभे राहिले. मी आतून ओरडले, "जरा डावीकडे! अजून! आला, आला! आता हात काढू नका!"

आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. तीसेक वर्षांनी जागांची अदलाबदल झाली होती. मधल्या पडवीत निरोप पोचवणारी आई तेवढी नव्हती.

पन्नास मिनिटं लागली. व्यवहार सुरळीत झाले, नोकरी राहिली. बाबांना चार दिवस सर्दी झाली आणि ते अजून ती भांडवल म्हणून वापरतात. आज ते पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा.

त्या रात्रीनंतर मी सगळं पुन्हा मांडलं. तरंग संचार नावाचं दूरसंचार खात्याचं संकेतस्थळ आहे, त्यावर आपल्या आसपासचे टॉवर बघता येतात. ते पाहून, आणि दिवसा स्वतः टॉवरखाली उभं राहून, तिसरं सिम घेतलं ते वेगळ्या टॉवरवरचं. ते हळू आहे, पण वेगळं आहे. मुंबईतल्या एका सर्व्हरमधून सगळ्या जोडण्या एकत्र वळवल्या, म्हणजे एक गेली तरी मीटिंग तुटत नाही. व्हिडिओला तासाला साधारण एक जीबी लागतो, नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा बंद. माझ्या कामातलं जे नेटशिवाय होऊ शकतं ते आधीच उतरवून ठेवते. आणि पावसाबद्दल एक समज काढून टाका. पावसाचं पाणी मोबाइलच्या लहरी फारशा अडवत नाही. मुसळधार पावसात अडते ती एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जाणारी मायक्रोवेव्हची जोडणी, आणि त्याहून जास्त वेळा जाते ती वीज. म्हणजे आपली रेंज बरेचदा आकाशात बिघडत नाही, तारेत बिघडते.

हे सगळं बाबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "ह्यात नवीन काय?" खरंच, नवीन काय? आपल्या आया आगोटीची बेगमी करायच्या. सुकी मासळी, कोकमं, लाकूडफाटा, सगळं पावसाच्या आधी घरात. बाजार चार महिने बंद पडणार हे धरूनच घर चालायचं. विहीर आटली तर व्हाळ, आणि व्हाळाला वेगळं पाणी. भरवसा म्हणजे कधीच न तुटणारी वस्तू नव्हे. ही तुटली तर दुसरी त्याच कारणाने तुटणार नाही, याची आधीच केलेली तजवीज म्हणजे भरवसा. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला जड शब्दांत शिकवलं होतं. आईला ते तोंडपाठ होतं.

आता शेवटचं. माझ्याकडे गाडी होती. रेंज नसेल तिथून उठून रेंज असेल तिथे जायची सोय होती. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून, पावसात तिथे बसून ऑनलाइन वर्ग करत होती. तिच्या भावांनी ती झोपडी उभी केली. देशभर तिचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण मला ते वाचताना लाजही वाटली. आपण तिला शाबासकी दिली आणि तो डोंगर तिच्यावरच ठेवला. त्यानंतर बरंच झालं आहे. नवे टॉवर आले, काही गावांत फायबर आलं. तरी आज सकाळी शाळेत आले तेव्हा दहावीतल्या एका मुलीला मी विचारलं, अभ्यासाचे व्हिडिओ कुठे बघतेस? ती म्हणाली, "सड्यार जातंव, संध्याकाळी. काळोख पडाच्या आधी परत येतंव." मुलगे काळोखानंतरही बसतात. तिचा अभ्यास सूर्यास्ताला संपतो.

म्हणून आमच्या १९९६ च्या तुकडीने एक ठरवलंय, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी होकार दिलाय. शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही इंटरनेट बसवतोय. एक फायबर, आणि दुसरी जोडणी वेगळ्या टॉवरवरून, छपरावर अँटेना लावून. दोन्हींची वीज वेगळी, म्हणजे बॅटरी आणि सोलर शाळेचं स्वतःचं. राउटर जेमतेम दहा वॉट खातो, एक बरी बॅटरी तो चार-पाच दिवस चालवते. वादळात सगळं गाव बंद पडलं तरी ती खोली शक्य तोवर चालू राहावी, आणि पुण्या-मुंबईच्या लेकीला आपला बाप बरा आहे एवढं तरी कळावं, अशी त्यामागची कल्पना आहे. खोली रात्री आठपर्यंत उघडी राहील आणि मुलींना घरी सोडायची पाळी आम्ही गावात राहणाऱ्यांनी वाटून घेतली आहे. पैसे जमले आहेत. हवी आहेत ती माणसं. दर महिन्याला छपरावर चढून अँटेनाचे हिरवे झालेले सांधे पुसणारं कुणीतरी. बसवणं सोपं असतं, सांभाळणं कठीण.

पहिल्या महिन्याची पाळी मी घेते. कौलांवर चढायची मला सवय आहे. खाली उभं राहून "इला, इला" म्हणायला मात्र कुणीतरी हवं. इच्छुकांनी जेवणानंतर मला भेटावं.